दोन महिने झाले, थुंकीत अजून १+ : टीबीचं औषध लागू पडतंय हे ओळखायचं कशावरून?

तिन्हीसांज

नमस्कार. इतके दिवस नुसती वाचत होते, पहिलाच धागा काढतेय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

धाकट्या भावाला (वय २९) फुप्फुसाचा टीबी निघाला. सुरुवातीची थुंकी ३+ (म्हणजे जंतू भरपूर), उजव्या फुप्फुसात वरच्या बाजूला पोकळी, रिफाम्पिसिन या मुख्य औषधाला रेझिस्टन्स नाही, म्हणजे जंतू त्याला दाद देतात. चार औषधं एकत्र असलेल्या गोळ्या, रोज तीन. परवा दोन महिने पूर्ण झाले. ताप दहाव्या-बाराव्या दिवशीच गेला, खोकला जवळपास थांबलाय, चेहऱ्यावर तरतरी आलीय. त्यामुळे या वेळची थुंकी निगेटिव्ह येणार हे आम्ही धरूनच चाललो होतो. आली १+.

डॉक्टर म्हणाले, घाबरू नका, औषध चालू ठेवा, पुढच्या महिन्यात परत बघू. बाहेर रांग होती, मी जास्त विचारलं नाही आणि घरी येऊन रात्रभर जागी राहिले. ओळखीतल्या एकाने सांगितलं, सूक्ष्मदर्शकाचं काय घेऊन बसलात, सीबीनॅट करा, ती डीएनएची चाचणी सगळ्यात आधुनिक. डॉक्टरांना न विचारता करून आणली. रिपोर्ट : 'एमटीबी डिटेक्टेड, लो', म्हणजे टीबीचा जंतू सापडला, कमी प्रमाणात. जंतू आहेतच तर! एक्सरेत पोकळी लहान झालीय, पण आहे.

मी एक वही घातलीय. गोळ्या घेतल्या की खूण, दर रविवारी वजन. वजन मात्र छान वाढतंय, ४९.२ वरून ५१.६.

खोकला एक सांगतो, थुंकी दुसरं, सीबीनॅट तिसरं, वजन चौथंच. यातलं कोणाचं ऐकायचं?

काचपट्टी

ताई, चौदा वर्षं थुंकीच्या काचा बघतोय, त्यामुळे त्या १+ बद्दल बोलण्याचा मला थोडा हक्क आहे.

काच कशी दिसते ते सांगतो. आधी लाल रंग चढवायचा, मग आम्लाने धुवायचं, मग निळा रंग द्यायचा. बाकी सगळ्यांचा लाल रंग आम्लात उतरतो, टीबीच्या जंतूचं आवरण मेणकट असल्यामुळे तो सोडत नाही. मग तेलाचा थेंब टाकून हजारपट मोठं करून बघायचं. निळ्या पसाऱ्यात बारीक लाल काडी, किंचित वाकलेली, कधी दोन एकमेकींना टेकलेल्या. काच सरकवत एकेक फील्ड मोजत जायचं. दर फील्डमध्ये दहाच्या वर काड्या असतील तर ३+. तसली काच वीस फील्डमध्ये उरकते. दर फील्डला एक ते दहा असतील तर २+. शंभर फील्ड पालथी घालून सगळ्या मिळून १० ते ९९ सापडल्या तर १+. त्याहून कमी असतील तर 'स्कँटी', आणि पुढे आकडा लिहायचा.

आता हिशोब करा. पहिल्या काचेवर मी शंभर फील्ड बघितली असती तर हजाराच्या वर काड्या मोजल्या असत्या. आता शंभरात फार तर ९९. 'अजून पॉझिटिव्ह' या दोन शब्दांत ही घसरण दिसतच नाही.

आणि मुख्य गोष्ट, मला दिसणारी काडी जिवंत होती की मेलेली, हे मला काचेवर कळत नाही. औषधाने मेलेला जंतूही मेणाचं आवरण घेऊनच बाहेर पडतो आणि रंगही तसाच धरतो. मोठी पोकळी असलेल्या, ३+ ने सुरू झालेल्या माणसात हे बरेचदा बघतो : काच पॉझिटिव्ह, कल्चर (नमुन्यातले जंतू वाढवून बघायची चाचणी) निगेटिव्ह.

उलट बाजूही ऐका. काचेवर जंतू दिसायला एका मिलिलिटरमध्ये साधारण पाच ते दहा हजार असावे लागतात. म्हणजे काच निगेटिव्ह आली तरी 'एकही नाही' असं नसतं.

नमुना कसा दिला होता? सकाळचा, खोल श्वास घेऊन आतून काढलेला, की डबीत लाळ?

तिरकस_तीर

एवढं गुंतागुंतीचं कशाला करताय? खोकला गेला, ताप गेला, वजन वाढलं, एक्सरेत सुधारणा. पेशंट बरा होतोय. आमच्या काकांनी तर तिसऱ्या महिन्यात गोळ्या बंद केल्या होत्या, आज ठणठणीत आहेत. लॅबवाल्यांना आकडे हवेत म्हणून माणसं घाबरवायची.

काचपट्टी

काका ठणठणीत आहेत याचा आनंद आहे. ज्यांनी तिसऱ्या महिन्यात गोळ्या बंद केल्या आणि पुन्हा आमच्याकडे आले, त्यांचे पुतणे असल्या धाग्यांवर लिहायला येत नाहीत, इतकंच.

श्वासनलिका

छातीविकारांची डॉक्टर आहे. पेशंट बघितलेला नाही, त्यामुळे हा सल्ला त्याच्या डॉक्टरांच्या जागी धरू नका, त्यांना काय विचारायचं याची यादी म्हणून वाचा.

आधी सीबीनॅट. ती जंतूचा डीएनए शोधते आणि त्याच्या असंख्य प्रती काढून दाखवते. जंतू मेला तरी त्याचा डीएनए थुंकीत बराच काळ येत राहतो. दारावरची पाटी वाचून 'मालक घरात आहेत' असं ठरवण्यासारखं आहे ते. म्हणूनच निदान करायला आणि रिफाम्पिसिनचा रेझिस्टन्स बघायला ही चाचणी उत्तम, पण उपचार लागू पडतोय का हे बघायला ती वापरू नये असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. पूर्ण बऱ्या झालेल्या माणसांतही पुढे कित्येक महिने, क्वचित काही वर्षं, ती पॉझिटिव्ह येऊ शकते. तुमचा तो 'लो' रिपोर्ट फाइलमध्ये मागे लावून टाका. त्यातला 'रिफाम्पिसिन रेझिस्टन्स नाही' एवढा भाग कामाचा आहे.

जिवंत-मेलेल्याचा निवाडा कल्चर करतं, कारण तिथे वाढतो तो फक्त जिवंत जंतू. मिलिलिटरमागे दहा ते शंभर जंतू असले तरी ते पकडतं. अडचण वेळेची. द्रव माध्यमात निगेटिव्ह म्हणायला ४२ दिवस थांबावं लागतं, घन माध्यमात आठ आठवडे. तुमचा आजचा प्रश्न आणि त्याचं खरं उत्तर यांच्यात दीड महिन्याचं अंतर आहे, आणि ते कुठल्याही डॉक्टरला बुजवता येत नाही.

म्हणून विचारा :

दोन महिन्यांच्या नमुन्याचं कल्चर लावलंय का? नसेल तर ताजा नमुना देऊन याच आठवड्यात लावता येईल का?

आयसोनियाझिडला, म्हणजे चारांतल्या दुसऱ्या मुख्य औषधाला, रेझिस्टन्स आहे का हे कुणी बघितलंय का? सर्वसाधारण सीबीनॅट फक्त रिफाम्पिसिनचं सांगते. आयसोनियाझिड आतल्या आत निकामी असेल तर रिपोर्ट 'सेन्सिटिव्ह' (जंतू औषधाला दाद देतो) दिसतो आणि थुंकी रेंगाळते. त्यासाठी 'लाइन प्रोब' नावाची चाचणी करतात.

रक्तातली साखर? एचआयव्ही? मधुमेह ताब्यात नसेल तर थुंकी निगेटिव्ह व्हायला वेळ लागतो. २९ वय आहे म्हणून सोडून देऊ नका.

आणि गोळ्या. नुसतं 'घेतो ना?' असं विचारू नका. कशा घेतो, किती वाजता, एकदम की सुट्या सुट्या, नंतर उलटी होते का, असं सगळं.

चार औषधांचा पहिला टप्पा आणखी महिनाभर लांबवायचा का, असा प्रश्न तुमच्या मनात येईल. पूर्वी लांबवत असत. २०१० पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचना म्हणतात, नको. पुढचा टप्पा वेळेवर सुरू करा, तिसऱ्या महिन्याला थुंकी पुन्हा बघा, तरीही पॉझिटिव्ह असेल तर कल्चर आणि औषधांची संवेदनशीलता तपासा. तुमच्या डॉक्टरांनी जे थोडक्यात सांगितलं ते हेच आहे. मी त्यांच्या जागी असते तर तिसऱ्या महिन्याची वाट न बघता कल्चर आत्ताच लावलं असतं. पोकळी आहे म्हणून.

श्वासनलिका

तिरकस_तीर, तुम्हाला वेगळं उत्तर देते, कारण तुमचा मुद्दा माझ्या ओपीडीत रोज ऐकते आणि तो अगदीच बिनबुडाचा नाही. माणूस सुधारतोय हे दिसतं, आणि दिसतं ते खोटंही नसतं.

१९४८ मध्ये ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी प्रसिद्ध केली. १०७ रुग्ण होते. ५५ जणांना औषध आणि अंथरुणात विश्रांती, ५२ जणांना नुसती विश्रांती. सहा महिन्यांनी औषधाच्या गटातले ४ दगावले होते, दुसऱ्या गटातले १४. एक्सरेत भरघोस सुधारणा पहिल्या गटात २८ जणांची, दुसऱ्यात ४. इथेच थांबलात तर चमत्कारच. पण पाच वर्षांनी मोजणी झाली तेव्हा औषधाच्या गटातले ३२ जण गेले होते, दुसऱ्यातले ३५. एकटं औषध दिल्यामुळे त्याला न जुमानणारे मूठभर जंतू मागे उरले आणि तेच वाढले. बऱ्याच जणांचा ताप गेला होता, एक्सरे सुधारला होता. थुंकीतले जंतू मात्र काही महिन्यांतच औषधाला दाद देईनासे झाले होते.

आज चार औषधं एकदम देतो ती यासाठी, आणि खोकला गेल्यावरही थुंकी मागत बसतो तेही यासाठीच. पहिल्या काही दिवसांत भराभर मरतात ते जोमाने वाढणारे जंतू. ताप-खोकला त्यांच्याबरोबर जातो. मागे राहतात ते सुस्त, अधूनमधून जागे होणारे. उरलेले चार महिने त्यांच्यासाठी असतात, आणि त्या काळात पेशंटला आपण आजारी आहोत असं वाटतच नाही.

तिरकस_तीर

हे आकडे माहीत नव्हते. एक्सरेबद्दल तरी माझं बरोबर होतं ना?

श्वासनलिका

निम्मं. एक्सरे सुधारला तर चांगलंच, पण तो थुंकीच्या मागून रखडत येतो. बरं झाल्यावरही व्रण, आकसलेला भाग, कधी रिकामी पोकळी जन्मभर दिसते. ती बघून 'अजून टीबी आहे' म्हणणारे आणि पुन्हा गोळ्या सुरू करणारेही भेटतात. उलट काहींचा एक्सरे पहिल्या महिन्या-दोन महिन्यांत चक्क बिघडतो, गाठी फुगतात, कारण प्रतिकारशक्ती जागी होऊन मेलेल्या जंतूंवर तुटून पडते. एचआयव्हीची औषधं नुकतीच सुरू झालेल्यांत हे जास्त.

एक्सरेचा खरा उपयोग सुरुवातीलाच होतो. आधी पोकळी आणि दोन महिन्यांच्या शेवटी कल्चर पॉझिटिव्ह, या दोन्ही गोष्टी एकत्र असतील तर आजार उलटण्याचा धोका बराच वाढतो. अमेरिकेतल्या मार्गदर्शक सूचना अशांना सहाऐवजी नऊ महिने उपचार द्यायला सांगतात. ताईंच्या भावाची पोकळी आहेच. म्हणून मी कल्चरच्या मागे लागलेय.

सहा_महिने_सत्तावीस_दिवस

माझं नाव वाचून कळलंच असेल. सहा महिन्यांचा कोर्स, वरचे सत्तावीस दिवस यकृताने घेतले.

थुंकीबद्दल सगळे बोलले, म्हणून दुसऱ्या बाजूचं लिहितो. रिफाम्पिसिनने लघवी केशरी होते हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. गोळी घेतली, काही तासांत केशरी, संध्याकाळपर्यंत उतरायची. मला ती हजेरीच वाटायची. पाचव्या आठवड्यात ती दिवसभर गडद तपकिरी राहायला लागली. मला वाटलं, औषध जोरात काम करतंय! बरोबर मळमळ, अन्नावरची वासना गेलेली, अंग मोडून आलेलं. चौथ्या दिवशी मेहुणीने डोळे बघितले, पिवळे. रक्तातले यकृताचे एन्झाइम नेहमीच्या आठपट. सगळ्या गोळ्या बंद. आकडे उतरल्यावर एकेक औषध, काही दिवसांच्या अंतराने, रक्त तपासत परत सुरू केलं. आधी रिफाम्पिसिन, मग आयसोनियाझिड.

तेव्हा भावाला सांगून ठेवा, केशरी ठीक, पण गडद लघवी आणि मळमळ बरोबरीने आली की पुढच्या तारखेची वाट बघायची नाही. पायाला मुंग्या आल्या तर तेही सांगायचं, ब-६ जीवनसत्त्व देतात. आणि डोळे. चारांतल्या एथॅम्ब्युटॉलने लाल-हिरवा फरक पुसट होऊ शकतो. मी रोज सकाळी एकेक डोळा झाकून भिंतीवरच्या कॅलेंडरचे लाल आकडे वाचायचो. घरचे हसायचे.

श्वासनलिका

हसू देत. कॅलेंडर उत्तम. यकृताचा नियम ढोबळ सांगायचा तर त्रास होत असेल आणि एन्झाइम तिपटीच्या वर असतील तर थांबवायचं. त्रास काहीच नसेल तर पाचपटीला. थांबवायचं डॉक्टरांनी, आपलं आपण नाही. एखादीच गोळी मनाने कमी करणं हे सगळ्यात वाईट, कारण १९४८ ची चूक आपण घरी परत करतो.

निळी_शाई

धाग्यात घुसतेय, माफ करा. आमच्याकडे नवऱ्याचा एमडीआर (मुख्य औषधांना दाद न देणारा टीबी) आहे, सहा महिन्यांची नवी गोळ्यांची पद्धत. त्यातही असंच दुसऱ्या महिन्याला थुंकी?

श्वासनलिका

नाही, तिथे दर महिन्याला, आणि नुसत्या काचेवर भागत नाही, कल्चरच लागतं. निदान सात दिवसांच्या अंतराने घेतलेली दोन कल्चर लागोपाठ निगेटिव्ह आली की 'कन्व्हर्जन' झालं म्हणतात. त्या पद्धतीतल्या बेडाक्विलिन या औषधामुळे ईसीजी ठरलेल्या वेळी, लिनेझोलिडमुळे रक्ताची मोजणी, आणि तळपायाची आग किंवा मुंग्या होतायत का हे दर भेटीत. दिसायला धूसर वाटलं तर त्याच दिवशी सांगा. पुढचं सविस्तर बोलायला नवा धागा काढा, तिथे येते.

तिन्हीसांज

सगळ्यांचे खूप आभार. एकेक सांगते.

कल्चर लावलं. डॉक्टरांना यादी दाखवली, ते रागावले नाहीत, उलट म्हणाले बरं झालं विचारलंत. लाइन प्रोबसाठी सुरुवातीच्या नमुन्यातून वाढवलेले जंतू प्रयोगशाळेत होते, त्यावरच करतायत. साखर नॉर्मल. एचआयव्ही सुरुवातीलाच झाली होती, निगेटिव्ह.

आता वजन. लिहायला लाज वाटते. डॉक्टरांच्या काट्यावर ४९.८ भरलं. मी भांडलेच, आमच्या काट्यावर ५१.६ आहे म्हणून. भाऊ खाली बघत होता. घरी आल्यावर म्हणाला, "तू दर रविवारी वही घेऊन उभी राहायचीस. आकडा वाढला नाही की तुझा चेहरा बघवत नव्हता." जाड पँट, पट्टा, खिशात फोन, किल्ल्यांचा जुडगा आणि चार्जरची वीट घालून काट्यावर उभा राहायचा. दर आठवड्याला थोडं थोडं वाढवत नेलं त्याने. शेवटच्या रविवारी दोन फोन होते.

मी चिडले, मग आम्ही दोघंही हसलो, मग मी रडले.

आणि गोळ्या. डॉक्टरबाईंनी लिहिलं होतं तसं विचारलं, कशा घेतोस? तीन एकदम घेतल्या की ढवळतं म्हणून पहिल्या आठवड्यापासूनच सकाळी दोन, रात्री एक. पाकिटं बरोबर रिकामी, माझ्या वहीतल्या खुणा बरोबर, लघवी केशरी. म्हणजे मी सगळं मोजलं होतं आणि नेमकं हेच मोजलं नव्हतं. याने खरंच फरक पडतो का? दिवसाची गोळाबेरीज तर तीनच होते ना?

श्वासनलिका

पडतो. ही औषधं, विशेषतः रिफाम्पिसिन, रक्तात एकदा उंच चढावीत अशा बेताने दिलेली आहेत. दोन वाटण्या केल्या की दोन बुटक्या टेकड्या तयार होतात, हवा तो कडा मिळत नाही. डोस तोडण्यापेक्षा रिकाम्या पोटाचा आग्रह सोडलेला बरा. थोडं खाऊन तिन्ही एकदम घेऊ दे. शोषण किंचित कमी होईल, पण तोडण्यापेक्षा ते पत्करलं. तरीही उलटी झाली तर किती वेळाने झाली ते लिहून डॉक्टरांना सांगा.

१+ याच्यामुळे आली असं मात्र मी म्हणणार नाही. ३+ आणि पोकळी एवढंही कारण पुरेसं आहे.

वजनाबद्दल. गोळ्यांची संख्या वजनाच्या गटावर ठरते, त्यामुळे चार्जरच्या विटेवर डोस वाढला असता! आणि वजन हे स्वस्तात मिळणारं फार चांगलं माप आहे. झारखंडमधल्या २,८०० रुग्णांच्या 'राशन्स' अभ्यासात, जो २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला, पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन ५ टक्क्यांनी वाढलं त्यांच्यात मृत्यूचा धोका निम्म्याहून कमी होता. तुमच्या भावाचे ५ टक्के म्हणजे जवळपास अडीच किलो. खिशातला ऐवज धरून त्याने बरोबर तेवढेच जमवले होते, हा योगायोग मला आवडला.

रविवारचं वजन त्यालाच लिहू द्या.

काचपट्टी

डॉक्टरबाईंशी सहमत, आणि नमुन्यासाठी दोन गोष्टी. तोंड पाण्याने खळखळून घ्यायचं, मग दोन-तीन खोल श्वास, तिसरा रोखून धरून पोटातून खोकायचं. उघड्यावर किंवा खिडकीपाशी, समोर कुणी नको. बुडाला दोन ते पाच मिली घट्ट काही दिसलं पाहिजे. नुसतं फेसाळ पाणी असेल तर मी काच लावीन आणि 'निगेटिव्ह' असं लिहीन, आणि त्या निगेटिव्हला काही अर्थ नसेल.

कल्चर 'कन्टॅमिनेटेड' आलं तर टीबी वाढला असं समजू नका. तोंडातले इतर जंतू भराभर वाढून शेत बळकावतात. नमुना पुन्हा द्यावा लागतो, बाकी काही नाही.

तिन्हीसांज

पाच आठवड्यांनी परत आले.

लाइन प्रोब : आयसोनियाझिड आणि रिफाम्पिसिन दोन्ही सेन्सिटिव्ह. तिसऱ्या महिन्याची थुंकी निगेटिव्ह. कल्चरचा निकाल अजून यायचाय, प्रयोगशाळेत फोन केला की "दिवस भरायचेत" एवढंच सांगतात. वजन ५०.९. खरं.

तिरकस_तीर

ताई, अभिनंदन. काकांना फोन केला होता. ठणठणीत आहेत हे मी ऐकीव लिहिलं होतं. दोन वर्षांनी परत टीबी झाला होता म्हणे, तेव्हा आठ महिने गोळ्या आणि इंजेक्शनं. घरात कुणाला सांगितलं नव्हतं. वरचा प्रतिसाद उडवता येत नाही, म्हणून इथे लिहितोय.

रानजाई

माझा प्रश्न जरा पुढचा आहे. वडिलांचा कोर्स गेल्या वर्षी संपला, शेवटची थुंकी निगेटिव्ह. परवा खोकल्यातून रक्त पडलं. एकाने सीबीनॅट सुचवली, 'ट्रेस' (जंतूचा अगदी पुसट माग) आली. पुन्हा सहा महिने?

श्वासनलिका

त्या 'ट्रेस'वर कुणी गोळ्या सुरू करू नयेत, आधी थुंकीची काच आणि कल्चर. जुन्या व्रणामुळे श्वासनळ्या फुगून राहतात, कधी रिकाम्या पोकळीत बुरशीचा गोळा बसतो, रक्त त्यातूनही येतं. सीटी स्कॅनवर कळतं. पण रक्त अर्धी वाटीभर किंवा जास्त असेल तर हे सगळं नंतर, आधी हॉस्पिटल गाठा. आणि उलटण्याची शक्यताही आहेच. उलटतो तो बहुतेकदा पहिल्या वर्षभरातच, तेव्हा आज-उद्याच दाखवा.

तिन्हीसांज

बेचाळीस दिवस भरले. कल्चर निगेटिव्ह. डॉक्टर म्हणाले, ठरल्याप्रमाणे सहाच महिने.

त्यानंतर पाचव्या महिन्याची थुंकी द्यायची होती, तर कफच येईना. दोन सकाळी प्रयत्न केला, डबीत लाळेचा थेंब. परवा तिथे मिठाच्या पाण्याची वाफ दिली तेव्हा कुठे थोडंसं निघालं. निगेटिव्ह.

काचपट्टी

कफ येईनासा झाला की लोक डबी रिकामी म्हणून परत जातात, त्यांना जाऊ न देता वाफ दिली हे चांगलं केलं त्यांनी. सहाव्या महिन्याचीही तशीच घ्या, ती चुकवू नका. 'बरा झाला' असं कागदावर लिहायला तीच लागते. त्यानंतर सहा महिन्यांनी आणि वर्षाने एकदा दाखवायला जा.

तिन्हीसांज

हो, तारखा वहीत मांडल्यात. वही आता त्याच्याकडे असते. गेल्या रविवारची ओळ त्याच्या अक्षरात : "५३.४. चड्डीवर. साक्षीदार हवा असल्यास ताईला विचारा."